फ्लॅट तुमचा, जमीन कुणाची?

पुण्यात एखाद्या नव्या इमारतीत चार माणसं एकत्र आली की एक वाद हमखास निघतो: सोसायटी चांगली की अपार्टमेंट? एक बाजू छातीठोकपणे सांगते, सोसायटीत तुम्ही नुसते सभासद, मालक संस्था. अपार्टमेंटमध्ये मात्र तुम्ही खरे मालक, जमिनीतला अविभक्त हिस्सा थेट तुमच्या नावावर. दुसरी बाजू म्हणते, अपार्टमेंट ही बिल्डरने स्वतःच्या सोयीची काढलेली वाट, पुढे रीडेव्हलपमेंट अडलं की कळेल. दोन्हीकडून कलमं फेकली जातात, कुणाचा तरी वकील मेहुणा साक्षीला येतो आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. माझ्या मते हा वाद मुळातच चुकीच्या जागी उभा आहे. मालकी ‘खरी’ कुठे आणि ‘नुसती कागदावरची’ कुठे, हे ठरवण्यात आपण साठेक वर्षं घालवली. त्या काळात असंख्य इमारतींखालची जमीन बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर निवांत पडून राहिली. फ्लॅट म्हणजे सामाईक मालमत्तेतली भागीदारी, देणी आणि भांडणांसकट. घरबाजाराची सगळी बोली ही एक गोष्ट झाकण्यात तरबेज आहे, आणि आपण तीच बोली बोलत एकमेकांशी भांडतो.

आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. महाराष्ट्रात फ्लॅटविक्रीसाठी पहिला मोठा कायदा झाला तो १९६३ साली, लोक ज्याला ‘मोफा’ म्हणतात तो. घरांच्या तीव्र टंचाईमुळे ‘ओनरशिप’ पद्धतीच्या फ्लॅटविक्रीत गैरप्रकार बोकाळले आहेत, हे या कायद्याच्या प्रास्ताविकातच लिहिलेलं आहे. म्हणजे रोग तेव्हाच ओळखला होता. बिल्डरने घेणाऱ्यांची संस्था स्थापन करून द्यायची आणि जमीन-इमारत तिच्या नावावर करायची, हे त्यात होतं. टाळाटाळ केली तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूदही होती. मग १९७० साली अपार्टमेंट ओनरशिप कायदा आला, म्हणजे आपल्याकडचं कॉन्डोमिनियम. यात संस्थेऐवजी प्रत्येक जण आपल्या अपार्टमेंटचा मालक आणि जिना, गच्ची, जमीन यांत त्याचा ठरावीक टक्के अविभक्त हिस्सा. हा हिस्सा कुणाला वाटणी करून मागता येत नाही आणि फ्लॅटपासून वेगळा विकताही येत नाही. दोन्ही कायद्यांचा मथितार्थ एकच निघतो: चार भिंतींच्या आतलं तुमचं, बाहेरचं सगळ्यांचं. फरक आहे तो ‘सगळ्यांचं’ कुठल्या नावाने लिहायचं एवढाच.

सोसायटीवाल्यांना टोचणारी एक गोष्ट खरी आहे, ती मान्य करूनच पुढे जाऊ. तुमच्या सोसायटीच्या ऑफिसात भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं असेल, काच धुरकटलेली, वर गेल्या गणपतीतला वाळका हार. त्यात वर्गीकरणाची ओळ वाचा. बहुतेक फ्लॅटवाल्या सोसायट्यांच्या प्रमाणपत्रावर ‘भाडेकरू सहभागीदारी’ असं असतं. कोट-दीड कोट मोजलेल्या माणसाला स्वतःचा उल्लेख भाडेकरू म्हणून वाचताना कसंतरी होणारच. अपार्टमेंटचे कैवारी नेमकं इथेच बोट ठेवतात. पण ही संज्ञा ज्या चळवळीतून आली तिची कल्पना वेगळी होती. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी, रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने, सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. आपल्याकडच्या गृहनिर्माण सहकाराची सुरुवात तिथून मोजतात. घरमालकाच्या मर्जीवर जगायचं नाही, आपणच मिळून आपले घरमालक व्हायचं, हा त्यामागचा विचार. भाडेकरूही आपण आणि मालकही आपणच. आणि व्यवहारात या ‘भाडेकरूचा’ हक्क किती पक्का आहे, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये रमेश हिंमतलाल शहा यांच्या खटल्यात देऊन टाकला: अशा सोसायटीतल्या सभासदाचा फ्लॅटवरचा हक्क ही विकता येणारी, जप्त होऊ शकणारी मालमत्ता आहे. बँका डोळे झाकून कर्ज देतात ते काही दानधर्म म्हणून नाही. तेव्हा सोसायटीतला फ्लॅट ‘तुमचा नाहीच’ हा युक्तिवाद पन्नास वर्षांपूर्वीच निकालात निघालेला आहे.

उलट बाजूचा भ्रमही तेवढाच मोठा. अपार्टमेंटमध्ये जमिनीचा हिस्सा ‘आपोआप’ नावावर येतो असं सांगितलं जातं. तो येतो डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे प्रत्येक फ्लॅटचं वेगळं मालकीखत, नोंदवल्यावर. बिल्डरने डिक्लरेशन, म्हणजे इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणणारं घोषणापत्र, नोंदवलं आणि पुढे प्रत्येकाचं डीड करून द्यायला सवडच झाली नाही, अशा इमारती पुण्यात शोधायला फार लांब जावं लागत नाही. शिवाय ते डिक्लरेशन लिहितं कोण? तुम्ही राहायला येण्याच्या कितीतरी आधी, बिल्डरचा वकील. कुणाचा हिस्सा किती टक्के, गच्ची सामाईक की वरच्या फ्लॅटवाल्याची, पुढे वाढणारा एफएसआय (जागेवर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण) कुणी वापरायचा, हे सगळं तुमच्या गैरहजेरीत ठरलेलं असतं. आपल्या गैरहजेरीत लिहिलेल्या राज्यघटनेवर सही करायची आणि वर स्वतंत्र झालो म्हणायचं, यातली गंमत कुणाच्या लक्षात कशी येत नाही?

येत नाही, कारण विक्रीच्या टेबलावर बोलली जाणारी भाषा सामाईक या कल्पनेला जागाच देत नाही. ‘सुपर बिल्टअप’ घ्या. जिना, लिफ्टचा खड्डा, लॉबी, वॉचमनची केबिन यांतला तुमचा वाटा फ्लॅटच्या चौरस फुटांत मिसळायचा, त्यावर ‘लोडिंग’ चढवायचं आणि त्या फुगलेल्या आकड्याला दराने गुणायचं. पैसे सामाईक जागेचे घेतले, पण घेणाऱ्याच्या मनात ठसवलं काय, तर तुझा फ्लॅट हजार फुटांचा. त्या हजारातले तीनशे फूट शेजाऱ्यांबरोबर मिळून सांभाळायचे आहेत, हे कुणी सांगितलं नाही. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली; बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी वगळून आतली वापरण्याजोगी जागा, आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र धरून. आकड्यांची लबाडी बरीचशी आटोक्यात आली, बोलण्याची सवय मात्र गेली नाही. आजही साइटवरचा पोरगा ‘सेलेबल’ किती ते आधी सांगतो आणि कार्पेट विचारलं की ब्रोशरची पानं चाळायला लागतो.

पार्किंगचं प्रकरण तर याहून बोलकं. इमारतीच्या खांबांमधली स्टिल्टची जागा कित्येक वर्षं राजरोस विकली गेली, अमुक लाखाला एक गाळा. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये स्पष्ट केलं की मोफाखाली स्टिल्ट पार्किंग हा फ्लॅट नव्हे, ते सामाईक जागेत मोडतं आणि बिल्डरला ते वेगळं विकता येत नाही. निकाल लागला, आणि झालं काय? ‘विक्री’ शब्द गेला, ‘अलॉटमेंट’ आला. पावती बदलली, रक्कम तीच. यात एकट्या बिल्डरला दोष देऊन भागत नाही. विकत घेणाराही ‘माझं पार्किंग’ म्हणत पिवळ्या पट्ट्यांनी चौकोन आखतो, साखळी लावतो आणि पाहुण्याच्या गाडीवरून खाली येऊन भांडतो. जी जागा मुळात त्याचीच, सगळ्यांबरोबर मिळून त्याची, ती त्याने दुसऱ्यांदा पैसे मोजून घेतली.

या सगळ्याखाली असते जमीन. आपल्या इमारतीचं प्रॉपर्टी कार्ड कधी पाहिलंय? नसेल तर नगर भूमापनाची नक्कल काढा. पंचवीस-तीस वर्षं जुन्या अनेक इमारतींच्या कार्डावर आजही नाव सापडतं ते ज्याने बिल्डरला जागा दिली त्याचं किंवा त्याच्या वारसांचं, आणि इतर हक्कांच्या रकान्यात बिल्डरच्या फर्मचं. फ्लॅटवाल्यांचा किंवा त्यांच्या संस्थेचा पत्ता नाही. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत संस्थेच्या नावावर करून देणं, झालेलंच नसतं. मोफाने चार महिन्यांची मुदत घातली होती, तुरुंगाची भीती घातली होती, तरी फरक पडला नाही. शेवटी २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद करावी लागली: बिल्डर येत नसेल तर जिल्हा उपनिबंधक एकतर्फी आदेश देईल. ज्या कामासाठी कायदा केला ते काम होत नाही म्हणून पंचेचाळीस वर्षांनी दुसरी वाट काढावी लागते, यावरूनच आजार किती जुना झाला होता ते कळतं. त्यातही पुष्कळ सोसायट्या आदेश हातात पडला की पेढे वाटून मोकळ्या होतात. स्टॅम्प ड्युटीचं अ‍ॅडज्युडिकेशन (ती किती भरायची ते ठरवून घेणं), दुय्यम निबंधकाकडे नोंदणी आणि कार्डावर नाव चढवणं ही पुढची तीन कामं फायलीत राहून जातात.

कोकणातल्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटायला हवी. खोत हा मुळात सरकार आणि कुळं यांच्यामधला वसुलीचा माणूस. गावाचा सारा भरण्याची हमी त्याची, त्या बदल्यात काही हक्क. पण वसुलीचा अधिकार आणि दप्तर दोन्ही एकाच घरात पिढ्यानपिढ्या राहिलं, की मधला माणूस मालक होऊन बसतो. कसणारे कसत राहिले आणि गाव खोताचं झालं. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या तेव्हा कुठे या व्यवस्थेला तडा गेला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि खोती कायद्याने संपायला १९४९ उजाडलं. आजचा बिल्डर म्हणजे खोत, असं मी म्हणत नाही. तो जोखीम घेतो, पैसा उभा करतो, इमारत बांधतो, आणि त्याचा मोबदला त्याला मिळायलाच हवा. पण काम संपल्यावर, पैसे वसूल झाल्यावरही जमिनीच्या कागदावर तोच राहतो, वीस वर्षांनी वाढीव एफएसआय आला की तोच हक्क सांगतो आणि रीडेव्हलपमेंटच्या वेळी ‘माझी एनओसी लागेल’ म्हणून दारात उभा राहतो, तेव्हा त्या भूमिकेला दुसरं काय नाव द्यायचं?

बिल्डरांचं यावरचं उत्तर अगदीच टाकाऊ नाही. मोठ्या लेआउटमध्ये बारा इमारती दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने उभ्या राहतात. पहिल्या इमारतीला जमीन देऊन टाकली तर रस्ते, बाग, पाण्याची टाकी, उरलेल्या टप्प्यांचा एफएसआय यांचं काय करायचं? अडचण खरी आहे. म्हणूनच अशा ठिकाणी इमारत तिच्या सोसायटीला आणि खालची जमीन शेवटी सगळ्यांच्या शिखर संस्थेला, अशी सोय केली जाते. प्रश्न आहे तो ‘शेवटी’ कधी उगवणार हा. शेवटचा टप्पा पंधरा वर्षं ‘प्रपोज्ड’ ठेवला की लेआउट कधी पूर्ण होतच नाही. रेराच्या चौदाव्या कलमाने मंजूर नकाशा बदलायला दोन तृतीयांश घेणाऱ्यांची लेखी संमती लागते. म्हणून करारनाम्यातच एक कलम घुसवतात, की आम्ही करू त्या सगळ्या बदलांना तुमची आगाऊ संमती आहे. ऐंशी पानांच्या करारनाम्यात ते कलम पन्नासाव्या पानाच्या आसपास असतं आणि नोंदणीच्या दिवशी, अंगठा आणि फोटोच्या रांगेत, ते कुणी वाचत नाही.

आता अपार्टमेंटच्या बाजूने केला जाणारा सगळ्यात सबळ युक्तिवाद: मेंटेनन्स. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सगळ्यांना समान. वन बीएचकेतली पेन्शनर आजी आणि पेंटहाउसवाले शेठ, दोघांना वॉचमनचा पगार सारखाच. लिफ्टचा खर्चही सारखा, तळमजल्यावाल्यालासुद्धा. अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च हिश्श्याच्या टक्केवारीने, म्हणजे मोठ्या घराला जास्त. यात न्याय आहे, आणि ‘समान’ म्हणजे न्याय्य असं धरून चालणाऱ्या सोसायटीवाल्यांनी जरा विचार करावा. पण सोसायटीच्या उपविधींतही सगळं सरसकट समान नाही. पाणी नळांच्या संख्येवर, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी, बांधकाम खर्चावर. म्हणजे जो खर्च वापरावर किंवा आकारावर अवलंबून, तो तसा. जो इमारत असण्याचाच खर्च, तो सारखा. शेठचं घर तिप्पट मोठं म्हणून वॉचमन तिप्पट जागतो थोडाच? यावर दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे बोलता येईल. पण आपल्या सभांत बोलणं होतं ते ‘माझ्या खिशातून किती’ एवढंच. आणि खरा गोंधळ असतो बिलाच्या तळाशी, जिकडे कुणी बघतच नाही. सिंकिंग फंड: बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. कुठल्या बांधकाम खर्चाच्या? इमारत बांधली तेव्हाच्या. १९८५ च्या खर्चावर पाव टक्का जमवून आज स्लॅब आणि कॉलमची दुरुस्ती करायला निघालेल्या सोसायटीने मग वर्गणीसाठी ज्येष्ठ नागरिकांच्या दारात जाऊन उभं राहायचं, हा प्रकार दर पावसाळ्यापूर्वी कुठे ना कुठे चाललेला असतो.

कागदावरची मालकी कितीही शुद्ध असली तरी ती इमारतीला टेकू देत नाही. याचं अलीकडचं उदाहरण कॉन्डोमिनियमच्या माहेरघरातलं, अमेरिकेतलं आहे. फ्लोरिडात सर्फसाइड गावी २४ जून २०२१ च्या मध्यरात्रीनंतर चॅम्प्लेन टॉवर्स साउथ या बारा मजली इमारतीचा मोठा भाग कोसळला, ९८ माणसं गेली. १९८१ ची इमारत, प्रत्येक जण आपापल्या घराचा निर्विवाद मालक. २०१८ मध्येच अभियंत्याने स्विमिंग पूलभोवतीच्या डेकखालच्या काँक्रीटचं मोठं नुकसान लिहून दिलं होतं. दुरुस्तीचा आकडा पुढे दीड कोटी डॉलरपर्यंत गेला, वर्गणीवरून हमरीतुमरी झाली, मंडळातल्या बहुतेकांनी राजीनामे दिले, काम लांबत गेलं. कोसळण्याचं तांत्रिक कारण काहीही असो, एवढं खरं की त्या इमारतीत मालक भरपूर होते आणि राखीव निधी तुटपुंजा होता. तिथला कायदाच मालकांना मतदान करून तो निधी साठवणं टाळू देत होता. २०२२ मध्ये फ्लोरिडाने कायदा बदलला: जुन्या बहुमजली इमारतींची ठरावीक वर्षांनी तपासणी सक्तीची आणि ढाच्याच्या दुरुस्तीसाठी लागणारा निधी माफ करण्याची सोय बंद. आपल्याकडेही तीस वर्षांवरच्या इमारतींना मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. ऑडिटचा अहवाल येतो, कपाटात जातो, आणि पुढचा प्रश्न असतो ‘डेव्हलपर कुठला आणायचा?’

सामाईक मालकी आपल्या रक्तात नाही, असं म्हणून हात झटकणारेही भेटतात. गोव्याकडे बघा. तिथली गांवकरी, पोर्तुगीज ज्याला कोमुनिदाद म्हणू लागले, ही गावच्या जमिनीची सामाईक मालकीच होती. १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, तिच्या रूढी पोर्तुगीजांनी लिहून काढल्या, म्हणजे ती त्याआधीपासून चालत आलेली. जमीन गांवकारांची मिळून. ती लिलावाने कसायला द्यायची. आलेल्या उत्पन्नातून आधी खाजन, म्हणजे खाडीकाठच्या, जमिनींचे बांध, देवस्थान, सरकारचं देणं भागवायचं, आणि उरेल ते ‘झोण’ म्हणून गांवकारांत वाटायचं. क्रम लक्षात घ्या: आधी बांध, मग वाटा. बांध फुटला तर खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरणार, हे त्यांना कुणी सेमिनार घेऊन सांगितलं नव्हतं. अर्थात ती व्यवस्था काही रामराज्य नव्हती. गांवकार म्हणजे मूळ घराण्यांतले पुरुष. घाम गाळणारे बहुतेक हिशेबाबाहेर, बायकांना वाटा नाही.

आणि इथेच सोसायटीविरुद्धचा सगळ्यात गंभीर आक्षेप येतो. कमिटीराज. कोण घर घेणार, कोण भाड्याने राहणार, काय शिजवणार, रात्री किती वाजता येणार, यात नाक खुपसणाऱ्या कमिट्या आपण सगळेच पाहतो. ‘फॅमिली ओन्ली’, ‘बॅचलर्स नको’, ‘व्हेज प्रेफर्ड’ ही जाहिरातींतली सभ्य रूपं. आडनाव ऐकून ‘फ्लॅट आत्ताच गेला हो’ म्हणणं हे त्याचं खरं रूप. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या प्रकरणात एका समाजापुरतं सभासदत्व मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरवला. संघटनस्वातंत्र्याचा तो तर्क कायद्याच्या चौकटीत कितीही बसो, शहर म्हणून तो आपल्याला कुठे नेतो हे मुंबईत घर शोधणाऱ्या मुसलमान किंवा दलित मुलीला विचारा. तेव्हा ‘अपार्टमेंटमध्ये निदान कुणाची एनओसी तरी मागायला नको’ या म्हणण्यात दम आहे, मी तो नाकारत नाही. फक्त मला त्यातून निघणारा निष्कर्ष पटत नाही. अपार्टमेंटमध्येही संघटना असते, उपविधी असतात, गेटवर तोच वॉचमन असतो आणि त्याला तेच दोन-चार रिकामटेकडे काका सूचना देतात. भेदभाव मालकीच्या प्रकारातून जन्मत नाही. सोसायटीत निदान पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही असं सहकार कायदा सांगतो, दाद मागायला उपनिबंधक आहे, सहकार न्यायालय आहे. अपार्टमेंटवाल्याला बहुधा दिवाणी कोर्टाचीच पायरी.

यात सगळ्यात बेदखल माणूस म्हणजे भाडेकरू. पेशवाईत गावात मिरासदार असे, त्याची जमीन वंशपरंपरेची, गावच्या पांढरीत त्याला मान. आणि उपरी असे, आज इथे उद्या तिथे. आजची सोसायटी ही जुनी वर्गवारी नव्या कपड्यात चालवते. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारं कुटुंब त्याच लिफ्टने जातं, त्याच टाकीचं पाणी पितं, मालकामार्फत नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसचा (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते त्या जादा शुल्काचा) भारही बऱ्याचदा त्याच्याच भाड्यात येतो. पण सभेत त्याला तोंड नाही, क्लबहाउस त्याला बंद, आणि सामान हलवायला वेगळी फी. त्या नॉन-ऑक्युपन्सीवर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा सरकारला २००१ साली घालावी लागली, कारण काही सोसायट्यांनी त्याला उत्पन्नाचं साधन बनवलं होतं. मालकी आणि राहणं या गोष्टी वेगळ्या झाल्या की इमारतीची काळजी कोण करणार? बेंगळुरूला किंवा न्यू जर्सीत बसलेला मालक भाडं बघतो, राहणाऱ्याला अधिकार नाही.

राहिला रीडेव्हलपमेंटचा मुद्दा, जिथे दोन्ही बाजू सगळ्यात जास्त तापतात. २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे सोसायटीत ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, आणि उरलेल्यांना न्यायालयंही फारशी अडवू देत नाहीत. अपार्टमेंटवाले म्हणतात, माझं घर पाडायचं की नाही हे निम्म्यांहून एक जास्त माणूस कसं ठरवणार? रास्त प्रश्न. पण १९७० च्या कायद्याच्या मूळ मांडणीत हिश्श्यांची टक्केवारी बदलायला, आणि म्हणून इमारत नव्याने बांधायलाही, सर्व मालकांची संमती लागत असे. शंभरातल्या एकाने, मग तो तत्त्वासाठी असो की चार लाख जास्त उकळण्यासाठी, मान हलवली नाही तर नव्याण्णव जण टेकूवरच्या इमारतीत. एकाच्या नकाराला एवढं वजन द्यायचं, की ४९ जणांच्या नकाराला काहीच द्यायचं नाही? सिंगापूरने १९९९ मध्ये मधली वाट काढली: दहा वर्षांवरच्या इमारतीला ८० टक्के संमती, त्याहून नव्या इमारतीला ९०, आणि विरोध करणाऱ्याला मंडळापुढे जाऊन आपलं नुकसान मांडायची सोय. ५१ हा आकडा मला फार खाली वाटतो. पण त्याहून मोठी लाज अशी की रीडेव्हलपमेंट सोडली तर भरपूर ठिकाणी तेवढेही लोक सभेला येत नाहीत. नोटिशीच्या तळाशी छापलेलं असतं, ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही.’ एरवीची प्रत्येक वार्षिक सभा याच ओळीवर चालते. लोक ती ओळ वाचतात आणि घरीच थांबतात. दुरुस्तीसाठी, निधीसाठी, कन्व्हेयन्ससाठी दहा-पंधरा डोकी. आणि डेव्हलपर जास्तीच्या चौरस फुटांचं प्रेझेंटेशन घेऊन आला की मात्र हॉल भरून खुर्च्या कमी पडतात. या सवयीवर कुठला मालकी हक्काचा नमुना इलाज करणार आहे?

तेव्हा सोसायटी की अपार्टमेंट, याचं उत्तर मी देत नाही, कारण ते इमारतीगणिक बदलेल. पाच फ्लॅटच्या बंगलेवजा इमारतीला अपार्टमेंट सोयीचं पडेल, दोनशे घरांच्या कॉम्प्लेक्सला वसुलीसाठी सहकार कायद्याचे दात लागतील. मागणी मात्र एक आहे, आणि ती घरबाजाराच्या बोलीतच करायला हवी, कारण माणूस फसतो तो तिथे. महारेराने, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, ऑगस्ट २०२३ पासून प्रत्येक जाहिरातीत नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोड सक्तीचा केला. मग त्या कोडशेजारीच, किमतीच्या टाइपात, तीन गोष्टी का छापू नयेत: जमीन आज कुणाच्या नावावर आहे, ती घेणाऱ्यांच्या नावावर कुठल्या तारखेपर्यंत होणार, आणि दुरुस्ती व सिंकिंग फंड धरून विसाव्या वर्षी या फ्लॅटचा महिन्याचा खर्च अंदाजे किती असेल? बिल्डर म्हणतील, विसाव्या वर्षाचा खर्च आत्ता कसा सांगणार? वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता तर तुमच्याच स्टॉलवर बसलेला बँकेचा माणूस दोन मिनिटांत काढून देतो, आणि त्यातला व्याजदरही अंदाजच असतो. लिफ्टचं आयुष्य, रंगाची फेरी, वॉटरप्रूफिंग, पंप यांचे आकडे तुमच्याच आर्किटेक्टकडे असतात. ते छापले तर बुकिंग कमी होईल ही भीती असेल, तर ती भीती कशाची आहे ते बिल्डरनेच सांगावं.